जीमॅटमधली डेटा सफिशियन्सी: उत्तर नको, माहिती पुरते का ते सांगा

एमबीएसाठी परदेशी जायचं म्हणून जीमॅटची तयारी करणारी आपली अनेक मुलं-मुली गणितात चांगली असतात, तरी एका प्रकारच्या प्रश्नात अडकतात: डेटा सफिशियन्सी. 2023 च्या अखेरीस आलेल्या नव्या जीमॅटमध्ये हे प्रश्न गणितातून काढून ‘डेटा इनसाइट्स’ या भागात टाकलेत. तिथे 20 प्रश्नांना 45 मिनिटं मिळतात, म्हणजे एकाला सव्वादोन मिनिटं. बँक पीओच्या रिझनिंगमध्येही हा प्रकार येतो.

एक प्रश्न आणि खाली दोन विधानं असतात. पर्याय नेहमी तेच पाच. ए: फक्त पहिलं विधान पुरेसं. बी: फक्त दुसरं. सी: दोन्ही मिळून पुरेशी, एकेकटं नाही. डी: दोन्हींपैकी कुठलंही एकटं पुरेसं. ई: दोन्ही मिळूनही पुरत नाहीत. हे पाठच करून जा, हॉलमध्ये वाचत बसू नका.

आता हे बघा. सलमाने 35 रुपयांच्या काही वह्या आणि 8 रुपयांची काही पेनं घेतली. वह्या किती? पहिलं विधान: एकूण बिल 129 रुपये. दुसरं: एकूण वस्तू 6.

बहुतेक मुलं पटकन म्हणतात, दोन अज्ञात, दोन समीकरणं, म्हणजे सी. इथेच फसतात! वही अर्धी मिळत नाही. एक वही धरली तर 94 उरतात, दोन धरल्या तर 59. दोन्हींना 8 ने भाग जात नाही. एकही वही नसेल तर 129 लाही जात नाही. तीन वह्या धरल्या की 24 उरतात, म्हणजे तीन पेनं. चौथी वही बिलात बसतच नाही. पहिलं विधान एकटं पुरलं. दुसऱ्यावरून काहीच ठरत नाही. उत्तर ए.

दुसरं विधान तपासताना पहिलं डोक्यातून पुसून टाकायचं. ऐकायला सोपं वाटतं, पण सर्वात जास्त चुका इथेच होतात. म्हणून कच्च्या कागदावर दोघांसाठी वेगळे रकाने करा.

‘हो की नाही’वाले प्रश्न आणखी चकवतात. क्ष ही पूर्ण संख्या सम आहे का? पहिलं विधान: तिला 3 ने भाग जातो. 6 ला जातो, 9 लाही जातो; काही ठरलं नाही. दुसरं: 4 ने भागल्यावर बाकी 3 उरते. अशी संख्या विषमच असणार. उत्तर पक्कं ‘नाही’ आलं, आणि पक्कं ‘नाही’ही पुरेसंच असतं. म्हणून बी. ‘नाही’ आलं की विधान अपुरं समजून मुलं ई टिकवतात.

वेळ संपत आला तर निदान एक सोपं विधान तपासा. पहिलं पुरत नसेल तर ए आणि डी बाद, उरले तीन. पुरत असेल तर फक्त ए किंवा डी.