खाऱ्या हवेत पाने का गंजतात?

अलिबाग-मुरूडकडे पावसाळ्यात उघडा राहिलेला नवाकोरा पानाही तांबूस ठिपक्यांनी भरतो. त्यामुळे इथे सुटे भाग आणून घरीच किट कार जोडायची, तर हत्यारांच्या यादीत गंजरोधक तेल आणि घट्ट झाकणाची पेटी आधी हवी. खाऱ्या वाऱ्याबरोबर आलेले मिठाचे कण पोलादावर बसतात. हवेतली आर्द्रता साधारण 75 टक्क्यांवर गेली की बरणीतल्या मिठासारखे तेही पाणावतात. या खारट थरातून विद्युतभार सहज वाहतो आणि लोखंड झपाट्याने गंजते.

क्रोम-व्हॅनेडियमचे पाने घेतले की झाले, असे कुणी म्हणेल. पण ते पोलाद स्टेनलेस नव्हे. वरचा मुलामा खरचटला की तिथूनच गंज शिरतो. शिवाय प्रश्न फक्त दिसण्याचा नाही. बोल्ट आवळताना लावलेल्या जोरातला सुमारे 90 टक्के भाग घर्षणातच जातो. याच खाऱ्या हवेत बोल्टचे आटे गंजले की घर्षण आणखी वाढते. टॉर्क रेंच ठरलेला आकडा दाखवतो, पण बोल्टला हवा तेवढा ताण बसलेला नसतो. म्हणून टॉर्क रेंच घ्याच, पण सोबत आटे साफ करायला तारेचा ब्रशही घ्या. आट्यांना तेल मात्र गाडीच्या पुस्तिकेत सांगितले असेल तरच लावा.