पोकरच्या टेबलावरील खेळाडूसंख्या आणि खेळाची निवड : एक गणिती विवेचन

१. प्रस्तावना

पत्त्यांचे व फाशांचे खेळ हा गणितज्ञांच्या आस्थेचा जुना विषय आहे. १६५४ मध्ये पास्कल व फर्मा यांच्यातील पत्रव्यवहारातून संभाव्यता-विचाराला चालना मिळाली, ती एका अर्धवट थांबलेल्या खेळातील रकमेच्या वाटणीवरून. पुढे जॉन फॉन नॉयमन व ऑस्कर मॉर्गेनस्टर्न यांनी १९४४ च्या आपल्या ग्रंथात पोकरचे गणिती विवेचन केले. प्रस्तुत लेखात पोकरच्या 'टेक्सास होल्डेम' या प्रकारातील एका व्यावहारिक प्रश्नाचा विचार केला आहे : रोख पैशांच्या खेळात नऊ जणांचे पूर्ण टेबल निवडावे की सहा जणांचे लहान टेबल? 'प्रतिस्पर्धी जितके कमी, तितके जिंकणे सोपे' असा एक सर्वसाधारण समज आढळतो. तो कितपत ग्राह्य आहे, हे तपासणे हा या लेखाचा हेतू होय.

२. खेळाचे स्वरूप

या खेळात प्रत्येकास दोन झाकलेली पाने मिळतात व पाच पाने सर्वांसाठी टेबलावर उघडली जातात. सातांपैकी उत्तम पाच पानांचा संच विचारात घेतला जातो. आपल्याकडील तीन पत्तीत प्रत्येक खेळाडू डावापूर्वी 'बूट' भरतो. होल्डेममध्ये मात्र सामान्यतः दोघांनाच सक्तीची बाजी लावावी लागते. तिला 'छोटी ब्लाइंड' व 'मोठी ब्लाइंड' म्हणतात. प्रत्येक डावानंतर ही पाळी एक जागा पुढे सरकते. निवडीच्या प्रश्नाचे मूळ या पाळीत आहे.

३. सक्तीच्या बाजीचा भार

ब्लाइंड अनुक्रमे १ व २ डॉलर आहेत असे मानू. एका फेरीत प्रत्येकास एकूण ३ डॉलर भरावे लागतात. नऊ जणांत ही फेरी नऊ डावांची, म्हणजे प्रतिडाव भार सुमारे ३३ सेंट. सहा जणांत तो ५० सेंट. २०० डॉलर घेऊन बसलेला व प्रत्येक डावात पाने टाकून देणारा खेळाडू पूर्ण टेबलावर सुमारे ६०० डाव टिकेल, लहान टेबलावर सुमारे ४०० डावच. शिवाय खेळाडू कमी असल्याने ताशी अधिक डाव होतात. सारांश, लहान टेबलावर वाट पाहण्याची किंमत दीडपट होते.

४. प्रतिस्पर्ध्यांची पाने

एखाद्या खेळाडूस सुरुवातीलाच जोडी मिळण्याची शक्यता १७ मध्ये १ असते. त्यावरून, आठ प्रतिस्पर्ध्यांपैकी किमान एकाकडे जोडी असण्याची शक्यता सुमारे ३८ टक्के, तर पाच प्रतिस्पर्ध्यांत सुमारे २६ टक्के येते. राणी, राजा किंवा एक्का यांच्या जोडीसाठी हेच प्रमाण अनुक्रमे सुमारे १० व ७ टक्के आहे. त्यामुळे भिन्न रंगांचे एक्का-दश्शी हे हात पूर्ण टेबलावर सर्वप्रथम बोलणाऱ्याने बहुधा टाकावेत, तर लहान टेबलावर ते अनेकदा खेळता येतात.

येथे एक बाब लक्षात घ्यावी. पूर्ण टेबलावर पहिल्या तिघांनी पाने टाकली की उरलेला डाव जवळजवळ सहा जणांचाच राहतो. म्हणजे दोन्ही टेबलांवरील मूळ कौशल्य एकच आहे. पूर्ण टेबलावर तीन अधिक जागा असतात व तेथे मुख्यतः संयम लागतो. लहान टेबलावर मध्यम प्रतीच्या पानांवर, अपुऱ्या माहितीनिशी, वारंवार निर्णय घ्यावे लागतात. तेथे प्रतिस्पर्धी कमी असले, तरी प्रत्येकाशी गाठ अधिक वेळा पडते.

५. निवडीचे निकष

खेळाडूंमधील देवघेव मूलतः शून्य बेरजेची आहे. तीतून खेळ चालवणारी संस्था आपली कपात घेते, तेव्हा सर्वांची एकत्रित बेरीज ऋण होते. सर्व खेळाडू समान कुशल असतील, तर दोन्ही टेबलांवर सरासरी तोटाच होईल. लहान टेबलावर डाव जलद होतात आणि कपातीचा भार थोड्यांत विभागला जातो, म्हणून तेथे हा तोटा सहसा लवकर जाणवतो. जो इतरांहून खरोखर सरस आहे, त्याला लहान टेबलावर आपले कौशल्य अधिक वेळा वापरता येते. मात्र नशिबाचे चढउतारही मोठे असल्याने अधिक राखीव रक्कम लागते. नवशिक्यास पूर्ण टेबलावर कमी भारात निरीक्षणाची संधी मिळते.

६. समारोप

तात्पर्य, लहान टेबल सोपे नसून अधिक मागणी करणारे आहे. टेबल बदलल्याने दुबळा खेळाडू सबळ होत नाही. केवळ त्याच्या दुबळेपणाची किंमत बदलते. 'मी या टेबलावरील इतरांहून सरस आहे काय?' या प्रश्नाचे उत्तर मात्र कोणतेही सूत्र देत नाही, आणि माणसाची सर्वाधिक फसगत तेथेच होते. भारतात २०२५ च्या कायद्याने पैसे लावून खेळावयाच्या ऑनलाइन खेळांवर, कौशल्य-नशीब असा भेद न करता, बंदी घातली. परंतु बंदीमुळे मोह संपतोच असे नाही. वर्गात संभाव्यता शिकवताना वरील दोन अपूर्णांक, एक-नवमांश व एक-षष्ठांश, फळ्यावर मांडून दाखविल्यास विद्यार्थ्यांना गणिताबरोबर सावधपणाचाही पाठ मिळेल.