विश्लेषण : सशाच्या कातड्याचे पांघरूण हिवाळ्यातला खर्च वाचवेल का?

थंड देशांतील काही शेतकरी कुटुंबे मांसासाठी ससे पाळतात, त्यांची कातडी केसांसकट घरीच कमावतात आणि त्यांची पांघरुणे करून खोली गरम ठेवण्याचा खर्च कमी करतात. मोबाइलवर दिसणारा हा उद्योग जालना जिल्ह्यातल्या वडीगोद्रीत करून पाहिला तर? थंडी इथेही पडते. डिसेंबर-जानेवारीत पारा दहा अंशांच्या आसपास येतो आणि पत्र्याच्या घरात पहाट काढणे जिवावर येते. हिशेब मात्र वेगळा लागतो.

खर्च नेमका कशावर होतो?

इथे खोली कोणी तापवत नाही, तापते ते आंघोळीचे पाणी. १५ लिटरची बादली २० अंशांवरून ४२ अंशांवर न्यायला सुमारे ०.४ युनिट वीज लागते. चौघांच्या घरात महिन्याला पन्नासेक युनिट झाले. सशाचे कातडे यातले एक युनिटही वाचवत नाही. चुलीवर किंवा बंबात पाणी तापवणाऱ्यांचे सरपणही तेवढेच लागणार. वाचते ते फक्त रात्रभर हीटर लावणाऱ्याचे. १,५०० वॅटचा हीटर सलग सहा तास चालला तर नऊ युनिट जातात. वीजबिलात १०० युनिटच्या पुढे दर चढतो, तेव्हा हा फटका मोठा आहे.

केसाळ कातडे ऊब कशी देते?

ते स्वतः उष्णता तयार करत नाही. झोपलेल्या माणसाच्या शरीरातून ७०-८० वॅट उष्णता बाहेर पडत असते. केसांत अडकलेली हवा ती निसटू देत नाही. लोकर हेच काम करते. सशाचे केस दाट आणि मऊ, म्हणून थर पातळ असूनही ऊब चांगली. पण एका सशाचे वापरण्याजोगे कातडे साधारण ३० बाय ४० सेंटिमीटर भरते. दीड मीटर रुंद आणि दोन मीटर लांब पांघरुणाला कापछाट धरून तीसच्या घरात कातडी लागतील. तीस ससे आणि एक पांघरूण!

घरी कातडे कमावता येते का?

येते. कातडे लगेच मीठ चोळून ठेवायचे, मग भिजवून आतला मांस-चरबीचा पडदा खरवडून काढायचा. चार लिटर पाण्यात अर्धा किलोच्या आतबाहेर तुरटी विरघळवतात. दुसरीकडे दोन लिटर पाण्यात पाव किलो मीठ आणि शंभरेक ग्रॅम धुण्याचा सोडा घेऊन ते पाणी तुरटीच्या पाण्यात हळूहळू ओततात. ते फसफसते, म्हणून घाई नको. भांडे प्लास्टिकचे किंवा मातीचे असावे. छोटे कातडे यात दोन ते पाच दिवस बुडवून ठेवतात, मग धुऊन, अर्धवट वाळल्यावर तेल लावून फळीच्या कडेवर ओढत राहतात. मऊपणा येतो तो या ओढण्यातून, आणि हात भरून येतात तेही इथेच. उन्हाळ्यात हा खटाटोप करू नये, काही तासांत कातडे नासून केस सुटू लागतात. तुरटीने कमावलेले कातडे पुन्हा नीट भिजले तर तुरटी निघून जाते आणि ते ताठ होते, म्हणजे ते पांघरूण धुता येत नाही. मिठाचे उरलेले पाणी शेतात, विहिरीजवळ किंवा कालव्यात ओतू नये.

पक्के कमावणे म्हणजे सालींचे काम. बाभळीची साल, माळावर पिवळ्या फुलांनी ओळखू येणाऱ्या तरवडाची साल आणि हिरडा ही त्याची सामग्री. हे ज्ञान ढोर समाजाने जपले. आज छंद म्हणून दिसणाऱ्या याच कामासाठी आपल्या गावगाड्याने त्या माणसांना पिढ्यान्पिढ्या दूर ठेवले, हे इथे नोंदवायला हवे. वर्ध्याजवळ नालवाडीला गोपाळराव वाळुंजकरांनी १९३० च्या दशकात चर्मालय चालवले, तेही या कामाला ग्रामोद्योगाची प्रतिष्ठा मिळावी म्हणून.

कोणते कातडे घेऊ नये?

शिवारातला ससा मारणे वन्यजीव संरक्षण कायदा, १९७२ नुसार गुन्हा आहे, त्याचे कातडे बाळगणेही अडचणीचे. पाळीव ससा ही वेगळी जात आहे. दुसरी खबरदारी अधिक महत्त्वाची. अचानक मेलेल्या शेळी-मेंढीचे कातडे कधीही सोलू नये. मृत्यू काळपुळीने, म्हणजे अँथ्रॅक्सने झाला असेल तर माणसालाही लागण होते आणि रोगाचे बीजाणू मातीत वर्षानुवर्षे टिकतात. अशा वेळी पशुवैद्यकीय दवाखान्यात कळवावे.

मग वडीगोद्रीत काय परवडेल?

शेळी-मेंढीची कातडी खाटकाकडे मिळतात. मेंढीचे कातडे मोठे असते, दोन-तीन कातड्यांत अंथरूण होते. फरशीवर झोपणाऱ्याला थंडी खालूनही लागते, त्यामुळे वर आणखी एक चादर घेण्याआधी खाली लोकर घालून पाहावी. पण सर्वांत सोपा मार्ग कातड्याचा नाहीच. दख्खनी मेंढीची लोकर वर्षातून दोनदा कातरतात, ती जाडीभरडी असल्याने तिला गिऱ्हाईक उरलेले नाही. अनेक मेंढपाळ कातरणीची मजुरी देऊन ती टाकून देतात. याच लोकरीची, चिंचोक्याची खळ दिलेली घोंगडी धनगर आयुष्यभर पाठीवर वागवत आले. ती टोचते, हे खरे. आत जुन्या लुगड्याचा पदर घेतला की टोचत नाही.