आंबट फळाचे झाड नेमके कोणते? बिलिंबी, कमरख आणि रायआवळा यांची अचूक ओळख

परसदारी एखादे झाड वर्षानुवर्षे उभे असते. त्याचे आंबट फळ चटणीला, लोणच्याला, माशाच्या कालवणाला वापरले जाते. परंतु झाडाचे नाव विचारल्यास घरोघरी निराळे उत्तर मिळते. अशा झाडाचे छायाचित्र विस्तार कार्यकर्त्याकडे येते तेव्हा प्रश्न केवळ नावाचा नसतो. दिलेल्या नावाच्या आधारे पुढे कीड नियंत्रणाचा सल्ला ठरतो, लागवडीसाठी रोप निवडले जाते, आणि कधी कधी औषध म्हणून फळाच्या रसाचा पेलाही भरला जातो. म्हणूनच बिलिंबी, कमरख आणि रायआवळा या तीन झाडांची ओळख काटेकोरपणे करणे आवश्यक आहे.

नावांचा गुंता

बिलिंबीला केरळात इरुंबन पुळी, मंगळूर परिसरात बिंबुळी, तर गोव्यात बिमली म्हणतात. कमरख हे हिंदी नाव. बंगालीत तेच फळ कामरांगा होते आणि गोव्यात करमल. येथे मराठी वाचकाने विशेष सावध राहावे. सह्याद्रीच्या जंगलात ‘करमळ’ म्हटले की सामान्यतः डिलेनिया या सर्वस्वी वेगळ्या प्रजातीतील वृक्ष अभिप्रेत असतो. त्याची पाने मोठी, साधी व दातेरी कडांची असतात. त्याच गटातील मोठ्या करमळाची मांसल, आंबट निदलेही खाल्ली जातात. म्हणजे नाव जवळजवळ एक, चव आंबट, आणि झाडे मात्र दोन भिन्न कुळांतील.

हा गुंता केवळ बोलीभाषांचा नाही. लिनिअसने 1753 साली ‘ॲव्हरोआ’ ही प्रजाती प्रस्थापित केली आणि बाराव्या शतकातील तत्त्वज्ञ व वैद्य इब्न रुश्द यांच्या लॅटिन नावावरून तिचे नामकरण केले. तिच्यात त्याने बिलिंबी व कमरख यांच्यासोबत रायआवळाही ‘ॲव्हरोआ ॲसिडा’ या नावाने बसवला होता. पुढे रायआवळा आवळ्याच्या प्रजातीत गेला आणि आज तो ‘फायलँथस ॲसिडस’ म्हणून ओळखला जातो. फळाची चव आणि झाडाचे वरवरचे रूप यांवर ओळख सोपवता येत नाही, याचे यापेक्षा बोलके उदाहरण सापडणे कठीण.

ओळखीची पहिली पायरी: पान

फळ हंगामी असते, पान बहुतेक काळ हाताशी असते. म्हणून सुरुवात पानापासून करावी. बिलिंबीची पाने संयुक्त असून फांद्यांच्या टोकांशी झुपक्याने येतात. एका पानावर साधारण 11 ते 37 पर्णिका असतात आणि पान 30 ते 60 सेंटिमीटर लांब होते. कमरखाचे पान आखूड असते. त्यावर 5 ते 11 पर्णिका असतात. सायंकाळ झाली की त्या खाली झुकून मिटतात, फांदी जोराने हलवली तरीही मिटतात.

रायआवळ्याचे पानही प्रथमदर्शनी संयुक्त वाटते, पण ते तसे नसते. ज्याला आपण पानाचा देठ समजतो ती एक बारीक, पुढे गळून पडणारी डहाळी असते आणि तिच्यावर साधी पाने एकाआड एक लागलेली असतात. प्रत्येक पानाच्या बुडाशी इवलीशी उपपर्णे दिसतात. बिलिंबी व कमरख यांच्या पर्णिकांच्या बुडाशी अशी उपपर्णे नसतात आणि संयुक्त पानाच्या टोकाला एक एकटी पर्णिका असते. साध्या भिंगाने हा फरक पाहता येतो.

दुसरी पायरी: फूल आणि फळ

बिलिंबीची लालसर-जांभळट फुले थेट खोडावर व जुन्या फांद्यांवर घोसाने येतात, त्यामुळे फळेही फणसासारखी खोडाला लगडलेली दिसतात. फळ कोवळ्या काकडीसारखे, 4 ते 10 सेंटिमीटर लांब, गुळगुळीत आणि अस्पष्ट अशा पाच बाजूंचे असते. पिकताना ते पिवळसर व मऊ होते.

कमरखाची गुलाबी-जांभळट फुले प्रामुख्याने कोवळ्या फांद्यांवर पानांच्या बेचक्यांत येतात. फळाला बहुधा पाच ठळक धारा असतात. आडवा काप घेतला की चांदणी दिसते.

रायआवळ्याची फळे मोठ्या फांद्यांच्या पर्णहीन भागावर दाट घोसाने लागतात. येथेच बिलिंबीशी गल्लत होते. पण फळ लहान, चपटे-गोल, फिकट पिवळे आणि 6 ते 8 उथळ खाचांचे असते, व कापताना सुरी मधल्या कठीण आठोळीवर अडते. बिलिंबी किंवा कमरख कापताना अशी आठोळी लागत नाही. त्यांत लहान, चपट्या बिया मिळतात. शंका उरल्यास सुरीचा हा निकष निर्णायक मानावा.

ओळख चुकल्यास धोका कोणता?

बिलिंबी आणि कमरख ही दोन्ही झाडे शेतात तण म्हणून वाढणाऱ्या आंबुटीच्या कुळातील आहेत. आंबुटीची जी आंबट चव आपल्याला परिचित आहे, ती ऑक्झॅलिक आम्लाची. बिलिंबीत हे आम्ल विपुल असते. कालवणात चार फळे घालणे किंवा मीठ लावून उन्हात वाळवलेल्या फोडी आमसुलासारख्या वापरणे वेगळे आणि अनेक फळांचा रस काढून पिणे वेगळे. केरळमधील पाच रुग्णालयांतील दहा रुग्णांची माहिती 2013 साली वैद्यकीय नियतकालिकात प्रसिद्ध झाली. बिलिंबीचा रस प्यायल्यानंतर त्यांची मूत्रपिंडे अचानक निकामी झाली होती. त्यांपैकी सात जणांना डायलिसिस करावे लागले. कोलेस्टेरॉल कमी होते, या समजुतीने हा रस पिण्याची प्रथा तेथे पसरली होती.

कमरखाच्या बाबतीत आणखी एक धोका आहे. त्यातील कॅरम्बॉक्सिन हे द्रव्य मज्जासंस्थेवर परिणाम करते. निरोगी मूत्रपिंडे ते शरीराबाहेर टाकतात. मूत्रपिंडाचा विकार असलेल्यांमध्ये मात्र न थांबणारी उचकी, संभ्रम आणि झटके अशी लक्षणे उद्भवतात व मृत्यूही ओढवू शकतो. अशा व्यक्तींनी कमरख मुळीच खाऊ नये.

‘आवळ्यासारखेच हे झाड’ किंवा ‘रक्तातील साखरेवर गुणकारी’ असे सैल उत्तर आपण दिले, तर हा सर्व धोका समोरच्या कुटुंबाच्या स्वयंपाकघरात पोहोचतो. फळ खाण्याजोगे आहे याचा अर्थ त्याचा रस औषध म्हणून पिण्याजोगा आहे असा होत नाही.

कीटकांच्या दृष्टीने ओळखीचे महत्त्व

कमरखाच्या फुलांत दोन प्रकार आढळतात: काही झाडांवर कुक्षिवृंत लांब व पुंकेसर आखूड, तर काहींवर याच्या उलट. एका प्रकारचे पराग दुसऱ्या प्रकारच्या फुलावर पोहोचले की फलधारणा चांगली होते, आणि ते काम मुख्यतः मधमाश्या करतात. म्हणून भरपूर फुलणारे एकटे झाड फळ धरत नसेल, तर खतांच्या मात्रा वाढवण्यापूर्वी जवळ दुसऱ्या प्रकारचे झाड आहे का हे पाहावे व बहराच्या काळात फवारणी टाळावी.

कमरख हे फळमाशीचे आवडते खाद्य आहे. मादी पिकू लागलेल्या फळाच्या सालीखाली अंडी घालते आणि अळ्या गर पोखरतात. ‘बॅक्ट्रोसेरा कॅरम्बोली’ या फळमाशीचे नावच या फळावरून पडले आहे. मूळची आग्नेय आशियातील ही माशी पुढे दक्षिण अमेरिकेत पोहोचून तेथे गंभीर क्वारंटाईन कीड ठरली. आंब्यावरील फळमाशीशी तिचे इतके साम्य आहे की नुसत्या डोळ्यांनी भेद करणे अवघड जाते. दोन्हींचे नर मिथाइल युजेनॉलच्या सापळ्याकडे ओढले जातात. अशा वेळी नमुना कोणत्या झाडाच्या फळातून घेतला, ही नोंद कीटकशास्त्रज्ञासाठी मोलाची असते. झाडाचे नाव चुकले तर ती नोंदच दिशाभूल करते. व्यवस्थापनासाठी गळालेली फळे रोज गोळा करून नष्ट करावीत, फळांना वेळीच पिशव्या घालाव्यात आणि सापळे बहराआधी नव्हे, तर फळे पक्व होण्यापूर्वी लावावीत.

छायाचित्र मागवताना

ओळखीसाठी एका छायाचित्रावर विसंबू नये. पुढील चार छायाचित्रे मागवावीत:

• फळे किंवा फुले खोडावर, जुन्या फांदीवर की कोवळ्या फांदीवर लागली आहेत ते दाखवणारे;
• संपूर्ण पान, बुडापासून टोकापर्यंत;
• फळाचा आडवा काप, शेजारी मोजपट्टी ठेवून;
• बिया किंवा आठोळी.

सोबत गावातील प्रचलित नाव लिहून घ्यावे, परंतु ते पुरावा म्हणून नव्हे, नोंद म्हणून. ‘हे फळ तुम्ही कसे वापरता?’ हा प्रश्नही आवर्जून विचारावा. उत्तरात रसाचा उल्लेख आला आणि झाड बिलिंबी किंवा कमरख निघाले, तर नाव सांगण्याआधी रस थांबवण्यास सांगावे आणि घरात मूत्रपिंडाचा, मधुमेहाचा किंवा उच्च रक्तदाबाचा रुग्ण असल्यास डॉक्टरांचा सल्ला घेण्यास सुचवावे.