खिचडी नको, थाळी वाढा : मल्टिट्रॅक रेकॉर्डिंगची पहिली शिकवणी



व्हिडिओत मी सॉफ्टवेअर चालवून दाखवलंच आहे. इथे तेच सावकाश लिहितोय, म्हणजे लॅपटॉपसमोर बसून एकेक पायरी करता येईल.

आधी माझी चूक सांगतो. माझं झेरॉक्स-स्टेशनरीचं दुकान. जोडधंदा म्हणून रिक्षावर वाजणाऱ्या जाहिराती रेकॉर्ड करायला लागलो. दिवाळीच्या तोंडावर एका साडीच्या दुकानाचं काम मिळालं. स्पीकरवर संगीत लावलं, माईकसमोर बोललो, फाइल पाठवली. रात्री मालकांचा फोन : "दादा, सूट २० नाही, २५ टक्के म्हणा. आणि संगीत जरा कमी करा." मला दोन्ही जमेना! आवाज आणि संगीत एकाच फाइलमध्ये मिसळलेलं. सकाळी रिक्षा निघायची होती. काम गेलं, आणि ते गिऱ्हाईक परत आलं नाही.

मित्रांनो, खिचडीतून डाळ वेगळी काढता येत नाही. थाळीतली एक वाटी मात्र बदलता येते. मल्टिट्रॅक म्हणजे थाळी. निवेदन एका ट्रॅकवर, संगीत दुसऱ्यावर, घंटा किंवा टाळ्या तिसऱ्यावर. नुसता "२५ टक्के" हा शब्द नव्याने बोलायचा आणि जुन्याच्या जागी बसवायचा. बाकी कशाला हात लावायचा नाही.

सॉफ्टवेअर कोणतं?

ऑडॅसिटी पूर्ण मोफत आहे, सुरुवातीला तेवढं पुरतं. पुढे जिंगल, भजन, वाद्यं असं काम आलं तर रीपर बघा. ते ६० दिवस वापरून बघता येतं, मग लायसन्स घ्यायचं. ॲपलचा लॅपटॉप असेल तर गॅरेजबँड मोफत मिळतं. "भारी मशीन नाही" म्हणून थांबू नका. बीटल्सचा १९६७ चा 'सार्जंट पेपर' अल्बम चार ट्रॅकच्या टेप मशीनवर झाला. तुमचा साधा लॅपटॉपही त्याहून जास्त ट्रॅक चालवतो.

रेकॉर्ड करताना

१. पंखा बंद. मोकळ्या खोलीत आवाज घुमतो, म्हणून जाड पडदे, गाद्या, कपड्यांचं कपाट असलेली खोली निवडा.

२. माईक तोंडापासून वीतभर लांब, किंचित तिरका. म्हणजे 'प', 'फ', 'भ' म्हणताना हवेचा फटका बसत नाही.

३. संगीत हेडफोनवरच ऐका. स्पीकर चालू ठेवलात तर संगीत माईकमध्ये शिरलं, आणि पुन्हा खिचडी झाली.

४. मीटरवर तुमचा सर्वांत मोठा आवाज उणे १२ ते उणे ६ डीबीच्या दरम्यान ठेवा. शून्यावर धडकला की आवाज फाटतो, आणि फाटलेला आवाज नीट शिवता येत नाही. हळू झालेला मात्र नंतर वाढवता येतो.

५. सुरुवातीला पाच सेकंद गप्प बसा. खोलीचा तो नुसता आवाज नंतर खरखर काढायला उपयोगी पडतो.

मिक्स करताना

आधी फक्त निवेदन ऐका, बाकी ट्रॅक म्यूट. ८० ते १०० हर्ट्झच्या खालची घरघर इक्वलायझरने कापा. मग कॉम्प्रेसर ३:१ वर लावून बघा. मोठे-लहान शब्द एका पातळीच्या जवळ येतात. आता संगीत शून्यापासून हळूहळू वर आणा. शब्द ऐकायला कान ताणावा लागला की थांबा आणि थोडं मागे या.

शेवटची परीक्षा मोबाइलच्या स्पीकरवर. रिक्षाच्या भोंग्यातून खर्जाचा आवाज फारसा येत नाही. हेडफोनवर गोड वाटलेलं काम चौकात फसू शकतं.

धंद्याचं गणित

सिनेमाची गाणी परवानगीशिवाय वापरू नका. धंद्यासाठी वापरायचा परवाना असलेलं संगीत घ्या, किंवा ओळखीच्या वादकाला पैसे देऊन वाजवून घ्या. काम घेतानाच एक दुरुस्ती मोफत, पुढच्या प्रत्येकीचे पैसे, हे व्हॉट्सॲपवर लिहून द्या. आणि एमपी३ पाठवली म्हणून प्रोजेक्ट फाइल डिलीट करू नका! पुढच्या दिवाळीला त्याच जाहिरातीत तारीख आणि सूट बदलायची असते. अर्ध्या तासाचं काम, आणि गिऱ्हाईक तुमच्याकडेच.

या आठवड्याचा गृहपाठ : स्वतःच्या दुकानाची, नाहीतर शेजारच्या किराणावाल्याची ३० सेकंदांची जाहिरात तीन ट्रॅकवर करा. दुसऱ्या दिवशी त्यातली फक्त किंमत बदला. ऐकणाऱ्याला जोड कळला नाही, तर समजा तुम्ही पैसे घ्यायला तयार आहात.

माईकची खरेदी त्यानंतर. आधी कान तयार करा, मग पाकीट उघडा!