घरातल्या घरात रिमोट डेस्कटॉप लागत नाही? क्रमाने तपासा



१ जून ते ३१ जुलै बंदीचे दिवस. ट्रॉलर जेटीला लागतात आणि आपण हिशोबाला बसतो. डिझेल, बर्फ, जाळ्यांची दुरुस्ती, खलाशांची उचल, वाटणी, सगळं ह्याच दिवसांत जुळवायचं असतं. आता बऱ्याच सभासदांचे हिशोब घरच्या कॉम्प्युटरवर असतात. कॉम्प्युटर खाली ओसरीवर आणि मुलगा किंवा सून वरच्या खोलीतून लॅपटॉपवर तोच कॉम्प्युटर उघडून काम करते. ह्यालाच रिमोट डेस्कटॉप म्हणतात. सोय चांगली आहे. पण पाऊस सुरू झाला की आम्हाला फोन येऊ लागतात, "काल लागत होतं, आज लागत नाही."

गेल्या पावसात आमच्या एका सभासदाचं असंच झालं. दोन दिवस खटपट करून कंटाळले आणि इंटरनेटवर सापडलेल्या एका 'मदत' नंबरला फोन लावला. पलीकडच्या माणसाने एक ॲप घालायला सांगितलं आणि मग स्क्रीनवरचा आकडा मागितला. नशीब, सूनबाईने फोन हातातून काढून घेतला. त्या कॉम्प्युटरवर बँकेचं खातंही उघडत होतं. नंतर बघितलं तर बिघाड पाच मिनिटांचा होता. म्हणून हे लिहितोय.

इंजिन स्टार्ट झालं नाही तर आपण लगेच हेड खोलत नाही. आधी टाकीत डिझेल बघतो, मग बॅटरी, मग फिल्टर. इथेही तसंच करायचं. एका वेळी एकच गोष्ट बदलायची आणि परत लावून बघायचं. चार गोष्टी एकदम बदलल्या तर दोष कुठे होता ते कळतच नाही.

१. खालचा कॉम्प्युटर जागा आहे का?
कॉम्प्युटर झोपला, म्हणजे स्लीपमध्ये गेला, की बाहेरून लागत नाही. सेटिंग्जमध्ये सिस्टिम, त्यात पॉवर, तिथे स्लीपची वेळ 'नेव्हर' करा. स्क्रीन बंद झाली तरी चालते, कॉम्प्युटर चालू हवा.

२. विंडोज कुठलं आहे?
सेटिंग्ज, सिस्टिम, अबाउट इथे बघा. 'होम' लिहिलं असेल तर त्या कॉम्प्युटरला विंडोजच्या रिमोट डेस्कटॉपने बाहेरून उघडता येत नाही. 'प्रो' लागतं. वरचा लॅपटॉप मात्र होम असला तरी चालतो. प्रो असेल तर सिस्टिममध्येच रिमोट डेस्कटॉपचं बटण असतं, ते चालू आहे ना बघा.

३. दोघे एकाच वायफायवर आहेत का?
वरच्या मजल्यावर रेंज येत नाही म्हणून काहींनी दुसरा राउटर लावलाय, काहींचा लॅपटॉप 'गेस्ट' वायफायवर असतो. मग एकाच घरात दोन वेगळी नेटवर्क होतात आणि एकातून दुसरं दिसत नाही. दोन्ही एकाच नावाच्या वायफायला जोडून बघा.

४. पत्ता बदलला का?
आमच्या त्या सभासदाचा दोष हाच होता. घरातल्या प्रत्येक यंत्राला राउटर एक आकडी पत्ता देतो, उदाहरणार्थ १९२.१६८.१.१२. वीज गेली, राउटर बंद पडून परत चालू झाला, की तो त्याच कॉम्प्युटरला वेगळा पत्ता देऊ शकतो. लॅपटॉप बिचारा जुन्याच पत्त्यावर हाका मारत बसतो. पावसात वीज किती वेळा जाते ते सांगायला नको.
खालच्या कॉम्प्युटरवर वायफायच्या 'प्रॉपर्टीज'मध्ये 'आयपीव्ही४ ॲड्रेस' असा पत्ता दिसतो. तो नवा पत्ता लॅपटॉपवर टाका. कायमचा उपाय म्हणजे राउटरच्या सेटिंगमध्ये त्या कॉम्प्युटरसाठी एकच पत्ता राखून ठेवायचा. इंटरनेटवाला घरी आला की त्याच्याकडून करून घ्या. पत्ता १६९.२५४ ने सुरू होत असेल तर कॉम्प्युटरला राउटरकडून पत्ता मिळालेलाच नाही. आधी वायफाय किंवा केबल बघा.

५. दार बंद आहे का?
नवीन वायफाय जोडताना विंडोज ते 'पब्लिक' धरू शकतं आणि बाहेरच्यांना दार लावून घेतं. घरच्या नेटवर्कला 'प्रायव्हेट' करा. वेगळा अँटिव्हायरस असेल तर त्याची स्वतःची फायरवॉल अडवते का तेही बघा. तपासायला म्हणून फायरवॉल कायमची बंद करून ठेवू नका.

६. पासवर्ड विचारतो, पण घेत नाही?
पासवर्ड विचारला म्हणजे रस्ता मोकळा आहे, वरच्या पाच गोष्टींत वेळ घालवू नका. रोज चार आकडी पिन टाकून उघडता ना? तो पिन इथे चालत नाही, खात्याचा पूर्ण पासवर्ड लागतो. खात्याला पासवर्डच ठेवला नसेल तरीही लागत नाही.
आणि वरून जोडलं की खालची स्क्रीन लॉक होते. तो बिघाड नव्हे, एका वेळी एकच माणूस बसू शकतो.

आता महत्त्वाचं. मुलगा पुण्याला किंवा बोटीवर आहे, त्याला बाहेरून कॉम्प्युटर उघडायचाय, म्हणून कोणी सांगेल की राउटरवर ३३८९ नंबरचा पोर्ट उघडा. उघडू नका. तो रिमोट डेस्कटॉपचा ठरलेला दरवाजा आहे आणि जगभरचे चोर तोच ठोठावत फिरतात. २०१९ च्या मे महिन्यात त्यात इतकी मोठी फट सापडली होती की मायक्रोसॉफ्टने कधीच बंद केलेल्या विंडोज एक्सपीसाठीसुद्धा दुरुस्ती काढली. बाहेरून लागतच असेल तर जाणकाराकडून व्हीपीएन लावून घ्या.

फोनवरच्या अनोळखी माणसाला स्क्रीन, आकडा किंवा ओटीपी देऊ नका. दिला गेलाच आणि पैसे गेले, तर लाजत बसू नका. लगेच १९३० ला फोन लावा आणि बँकेला कळवा. जितका उशीर, तितके पैसे पुढे जातात.

कॉम्प्युटरचा पत्ता आणि खात्याचं नाव एका कागदावर लिहून राउटरजवळ चिकटवा. पासवर्ड मात्र त्यावर नको. तरीही जमलं नाही तर लॅपटॉप घेऊन कार्यालयात या, आपण एकत्र बसून बघू. हिशोब खलाशांच्याही पोटाचा आहे, तो परक्याच्या हातात जायला नको.