कमांड लाईनवरून निवडक मजकुराचे यांत्रिक भाषांतर : अध्यापकांसाठी एक परिचय

प्रस्तावना

आपल्या महाविद्यालयांतील पुष्कळ विद्यार्थी दहावीपर्यंत मराठी किंवा उर्दू माध्यमात शिकून येतात. पदवीच्या वर्गात आल्यावर संदर्भग्रंथ इंग्रजीत, परिपत्रके इंग्रजीत, सीमाभागात शासकीय सूचना कन्नडमध्ये, अशी त्यांची स्थिती होते. अशा वेळी अध्यापकाला दररोज थोडे थोडे भाषांतर करावेच लागते. संगणकाची मदत घेतली तर हे काम हलके होते, परंतु ती मदत कशी घ्यावी याचा विचार फारसा होत नाही.

प्रस्तुत लेखकाच्या हातून घडलेली एक चूक येथे नमूद करणे उचित होईल. एका शिष्यवृत्तीचे इंग्रजी सूचनापत्र पीडीएफ स्वरूपात आले होते. लेखकाने त्यातील सर्व मजकूर उचलून यंत्राकडून मराठीत आणला व सूचनाफलकावर लावला. पत्रातील तक्त्यात अर्जाची अंतिम तारीख व कागदपत्र-पडताळणीची तारीख शेजारशेजारच्या रकान्यांत होत्या. मजकूर उचलताना रकान्यांचा क्रम बिघडला आणि फलकावर तारखांची अदलाबदल झाली. दोन विद्यार्थिनींचा अर्ज त्यामुळे मुदतीनंतर पोहोचला व त्यांची त्या वर्षीची शिष्यवृत्ती हुकली. विशेष म्हणजे यंत्राने एकही शब्द चुकीचा भाषांतरित केला नव्हता. त्याच्यापुढे ठेवलेला मजकूरच चुकीचा होता, आणि मुळाशी ताडून पाहण्याचे काम कोणी केले नव्हते.

या अनुभवातून निघालेला मुद्दा हाच या लेखाचा विषय आहे. संपूर्ण दस्तऐवज यंत्राच्या स्वाधीन न करता नेमका हवा तो भाग निवडावा, त्याचेच भाषांतर करावे आणि मूळ मजकूर शेजारी ठेवून तपासावा. यासाठी कमांड लाईनवरील एक छोटे साधन उपयोगी पडते.

साधनाचा परिचय

या साधनाचे नाव ‘ट्रान्सलेट शेल’ असे आहे. ते विनामूल्य असून मुख्यतः ऑक या मजकूर-संस्करणाच्या भाषेत लिहिलेले आहे. उबुंटू, डेबियन आदी लिनक्स प्रणालींच्या सॉफ्टवेअर-भांडारातून ते बसवता येते. टर्मिनलवर त्याची आज्ञा ‘ट्रान्स’ एवढीच आहे.

एक गोष्ट आरंभीच स्पष्ट केली पाहिजे. ट्रान्सलेट शेल स्वतः भाषांतर करीत नाही. आपण दिलेला मजकूर ते इंटरनेटवरून एखाद्या भाषांतर-सेवेकडे पाठवते आणि आलेले उत्तर पडद्यावर दाखवते. वेगळे काही न सांगितल्यास ते गूगल ट्रान्सलेट या सेवेचा उपयोग करते. ही सेवा २००६ साली सुरू झाली. तीत उर्दूचा समावेश २०१० मध्ये, कन्नडचा २०११ मध्ये, मराठीचा २०१३ मध्ये आणि कोंकणीचा २०२२ मध्ये झाला. २०१७ साली मराठीसह अनेक भारतीय भाषांसाठी न्यूरल पद्धत लागू झाली. त्यापूर्वी यंत्र वाक्याचे लहान लहान तुकडे करून ते जुळवीत असे. आता ते संपूर्ण वाक्य एकत्र पाहते. त्यामुळे भाषांतर अधिक ओघवते झाले, परंतु याच कारणाने चूक ओळखणे अवघडही झाले. पूर्वीचे चुकीचे वाक्य ओबडधोबड असे व लगेच लक्षात येई. आजचे चुकीचे वाक्यही सफाईदार असते.

कार्यपद्धती

आज्ञा रोमन लिपीतच टाईप करावयाच्या असतात. येथे त्या उच्चारानुसार देवनागरीत दिल्या आहेत. भाषांची सांकेतिक नावे दोन अक्षरी आहेत : इंग्रजी ‘ईएन’, मराठी ‘एमआर’, उर्दू ‘यूआर’, कन्नड ‘केएन’, हिंदी ‘एचआय’.

१) एखादे वाक्य. टर्मिनलवर पुढीलप्रमाणे टाईप करावे व वाक्य अवतरणचिन्हांत द्यावे :

ट्रान्स ईएन:एमआर "वाक्य"

यात आधी मूळ मजकूर व नंतर भाषांतर दिसते. फक्त भाषांतर हवे असल्यास ‘ट्रान्स’नंतर मोकळी जागा सोडून ‘-बी’ हा पर्याय जोडावा.

२) पडद्यावर निवडलेला मजकूर. पीडीएफ वाचताना किंवा ब्राउझरमध्ये माऊसने एखादा परिच्छेद निवडला की जुन्या एक्स पद्धतीच्या लिनक्स पडद्यावर तो आपोआप स्मरणात राहतो. ‘एक्ससेल’ हे लहान साधन तो मजकूर बाहेर काढून देते. उभ्या रेघेच्या चिन्हाने एका आज्ञेचे फलित दुसरीकडे सोपवता येते :

एक्ससेल -ओ | ट्रान्स -बी ईएन:एमआर

ही ओळ एकदा टाईप केली की पुढे प्रत्येक वेळी परिच्छेद निवडावा, वरच्या बाणाची कळ दाबून तीच ओळ परत आणावी व एंटर दाबावे, एवढेच काम उरते. वेलँड या नव्या पद्धतीच्या पडद्यावर एक्ससेलऐवजी ‘डब्ल्यूएल-पेस्ट’ ही आज्ञा ‘-पी’ या पर्यायासह वापरतात.

३) संपादकातील निवड. विम या संपादकात ओळी निवडून उद्गारचिन्हाची कळ दाबली व पुढे ट्रान्सची आज्ञा दिली, तर निवडलेल्या ओळींच्या जागी भाषांतर येते. इमॅक्समध्ये भाग निवडून ऑल्ट व उभी रेघ या कळा एकत्र दाबल्या, तर भाषांतर वेगळे दाखवले जाते आणि मूळ मजकूर जागेवर राहतो. अध्यापनाच्या कामासाठी दुसरी रीत अधिक सुरक्षित वाटते. विम वापरणाऱ्यांनी आधी परिच्छेदाची प्रत खाली उतरवून घ्यावी व त्या प्रतीचे भाषांतर करावे. मूळ पुसले गेले की तपासणीचा आधारच जातो.

मजकुराची पूर्वतयारी

भाषांतर बिघडण्याचे कारण अनेकदा भाषेत नसून मजकुराच्या स्वरूपात असते. पुढील तीन बाबी विशेष लक्षात घ्याव्यात.

अ) तुटलेल्या ओळी. पीडीएफमधून उचललेल्या मजकुरात छापील ओळ जिथे संपते तिथे ओळ तुटते, वाक्य मात्र पुढे चालू असते. ट्रान्स प्रत्येक ओळ स्वतंत्र मानते. परिणामी अर्ध्या वाक्याचे एक आणि उरलेल्या अर्ध्याचे दुसरे असे भाषांतर होते. इंग्रजीत नकार बहुधा वाक्याच्या पूर्वार्धात येतो व मराठीत क्रियापदासह शेवटी जातो, त्यामुळे अशा तुकड्यांत नकार हरवण्याची भीती असते. यावर उपाय म्हणून मध्ये ‘टीआर’ ही आज्ञा घालून ओळतुटीच्या जागी मोकळी जागा आणावी :

एक्ससेल -ओ | टीआर '\एन' ' ' | ट्रान्स -बी ईएन:एमआर

अशा वेळी एकेकच परिच्छेद निवडावा, अन्यथा सर्व परिच्छेद एकत्र होतील.

आ) जुने फाँट. आपल्या संस्थांमधील जुन्या प्रश्नपत्रिका व टिपणे श्री-लिपी, शिवाजी यांसारख्या बिगर-युनिकोड फाँटमध्ये, तर उर्दू मजकूर इनपेजच्या जुन्या आवृत्त्यांत आहे. पडद्यावर तो देवनागरी किंवा नस्तालीक दिसला तरी संगणकाच्या दृष्टीने ती भलत्याच अक्षरांची रांग असते. असा मजकूर आधी युनिकोडमध्ये रूपांतरित करावा, नंतरच भाषांतराला घ्यावा.

इ) स्कॅन केलेली पाने. यांत अक्षरे नसून चित्र असते, म्हणून मजकूर निवडताच येत नाही. टेसरॅक्ट हे विनामूल्य साधन चित्रातील अक्षरे ओळखते. त्यात मराठी, उर्दू व कन्नड या भाषांची सोय आहे. तथापि त्याचे फलित मुळाशी ताडून, विशेषतः आकडे तपासून घ्यावे लागते.

काय निवडावे, काय निवडू नये

सलग गद्य परिच्छेद, व्याख्या, स्पष्टीकरणे व प्रस्तावना यांचे भाषांतर यंत्राकडून बऱ्यापैकी होते. तक्ते, सूत्रे, व्यक्तिनामे व ग्रंथसूची निवडीबाहेर ठेवावीत. तक्त्याचे मराठीकरण हातानेच करावे. चार शीर्षके बदलण्यास पाच मिनिटे लागतात आणि आकडे आपल्या जागी राहतात. कविता व वाङ्मयीन उतारेही वगळावेत, कारण तेथे अर्थाइतकेच शब्दाला महत्त्व असते.

दुसऱ्या टोकाला जाऊन एकटाच शब्द निवडणेही योग्य नाही. ‘पॉवर’ या इंग्रजी शब्दाला गणितात घात, भौतिकशास्त्रात शक्ती आणि राज्यशास्त्रात सत्ता म्हणतात. ‘सोल्यूशन’ रसायनशास्त्रात द्रावण असते तर गणितात उकल. ‘इंटरेस्ट’ बँकेत व्याज आणि मानसशास्त्रात अभिरुची. यंत्राला विषय ठाऊक नसतो, तो त्याला आजूबाजूच्या वाक्यांवरून ताडावा लागतो. म्हणून एक पूर्ण परिच्छेद हे निवडीचे योग्य माप समजावे.

आधी संज्ञा, मग भाषांतर

या संदर्भात हैदराबादचे उदाहरण उद्बोधक आहे. उस्मानिया विद्यापीठात उर्दू माध्यमातून उच्च शिक्षण देण्याचे ठरले, तेव्हा पाठ्यग्रंथांसाठी १९१७ साली ‘दारुत्तर्जुमा’ हा भाषांतर-विभाग स्थापन झाला. मौलवी अब्दुल हक त्याचे पहिले प्रमुख होते. तेथे भाषांतरकारांच्या जोडीला परिभाषा ठरवणाऱ्या समित्या होत्या. विषयाचे जाणकार व भाषेचे जाणकार एकत्र बसून संज्ञा निश्चित करीत. एकच इंग्रजी संज्ञा दोन ग्रंथांत दोन तऱ्हांनी आली तर विद्यार्थी गोंधळतो, हे त्यांनी ओळखले होते.

यंत्र ही काळजी घेत नाही. एका परिच्छेदात ते ‘उत्पन्न’ लिहील व पुढच्या परिच्छेदात त्याच शब्दासाठी ‘मिळकत’. म्हणून प्रत्येक विषयाच्या अध्यापकाने शंभर-दीडशे संज्ञांची यादी साध्या मजकूर-फाईलमध्ये ठेवावी. एका ओळीत एक इंग्रजी शब्द, मराठी पर्याय व आवश्यक तेथे उर्दू पर्याय असावा. महाराष्ट्र शासनाच्या भाषा संचालनालयाने प्रसिद्ध केलेले परिभाषा कोश यासाठी प्रमाण मानता येतील. भाषांतर हाती आल्यावर ‘ग्रेप’ या आज्ञेने यादीतील शब्द शोधून पर्याय जुळवून घ्यावेत.

तपासणी

विद्यार्थ्यांच्या हाती मजकूर देण्यापूर्वी पुढील जागा मुळाशी पडताळून पाहाव्यात.

१) नकार व अट : ‘नॉट लेटर दॅन’, ‘अनलेस’, ‘नॉट लेस दॅन’ यांसारख्या रचना. नियमांच्या मजकुरात सर्वांत जास्त हानी येथेच होते.

२) आकडे, तारखा व रकमा : प्रत्येक आकडा बोट ठेवून ताडावा.

३) संबोधन : इंग्रजी ‘यू’ला मराठीत तू, तुम्ही व आपण असे तीन पर्याय आहेत. एकाच सूचनेत तिन्ही मिसळलेले आढळतात.

४) लिंग : ‘द टीचर सेड’ यात शिक्षक की शिक्षिका हे कळत नाही, मराठीला मात्र क्रियापदासाठी ते ठरवावेच लागते. यंत्र अशा ठिकाणी बहुधा पुल्लिंग घेते.

मराठी भाषांतर पुन्हा इंग्रजीत नेऊन पाहण्याची युक्ती काही जण वापरतात. ढोबळ चूक तिने सापडते, परंतु दोन्ही वेळा एकच यंत्र असल्याने एकाच गैरसमजाची पुनरावृत्ती होऊ शकते. ही युक्ती वाचनाला पर्याय नाही.

गोपनीयता व इतर मर्यादा

निवडलेला मजकूर आपल्या संगणकाबाहेर जातो, याचे भान सतत असावे. विद्यार्थ्यांची नावे, गुण, आधार क्रमांक, वैद्यकीय कागद, अप्रकाशित प्रश्नपत्रिका व तक्रार-अर्ज अशा मार्गाने पाठवू नयेत. २०२३ च्या डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण कायद्याने ही जबाबदारी अधिक स्पष्ट केली आहे. गोपनीय मजकुरासाठी स्वतःच्या संगणकावर चालणारे भाषांतर हाच मार्ग होय. आयआयटी मद्रासच्या एआय४भारत या केंद्राने २०२३ साली खुले केलेले इंडिकट्रान्स२ हे प्रारूप आठव्या अनुसूचीतील २२ भाषांसाठी आहे व ते स्वतःच्या यंत्रावर बसवता येते, मात्र त्यासाठी संगणक-विभागाचे साहाय्य लागेल.

ट्रान्सलेट शेल हे गूगलचे अधिकृत साधन नाही. थोड्या वेळात फार मजकूर पाठवल्यास सेवा उत्तर देणे थांबवते, आणि सेवेत बदल झाल्यास साधनाची नवी आवृत्ती घ्यावी लागते. परीक्षेच्या आदल्या दिवशी त्यावर विसंबून राहू नये.

समारोप

आयआयटी कानपूर येथे आरंभ होऊन पुढे हैदराबादेत वाढलेल्या ‘अनुसारक’ या प्रकल्पाने एक वेगळी भूमिका घेतली होती. यंत्राने मूळ ग्रंथाची जागा घ्यावी असे न मानता, परभाषेतील मुळापर्यंत वाचकाला पोहोचवणे हे त्याचे काम मानले. वर्गातील उपयोगासाठी हीच भूमिका योग्य वाटते. डाव्या बाजूस इंग्रजी परिच्छेद व उजव्या बाजूस तपासलेला मराठी वा उर्दू परिच्छेद असे एक पान दिले, तर विद्यार्थी आज विषय समजून घेतो आणि हळूहळू डावी बाजूही वाचू लागतो.

परिच्छेद निवडणे, संज्ञा ठरवणे व मुळाशी ताडून पाहणे ही तिन्ही कामे अध्यापकाची आहेत. मधले टंकनाचे श्रम यंत्राने घ्यावेत. प्रस्तुत लेखकाच्या सूचनाफलकावर आता मूळ इंग्रजी पत्र, त्याच्या शेजारी मराठी मजकूर आणि खाली तपासणाऱ्याची स्वाक्षरी असते. तारखांचा तक्ता मात्र हातानेच लिहिला जातो.